अष्टकोनी मामा

जालन्यात लोखंड येतं ते मरायलाच येतं. मोडके नांगर, बंद पडलेल्या कारखान्यांचे रोलर, बोअरचे गंजके पाइप, कुणाच्या तरी वडिलांची लूना, सगळं ट्रक भरभरून एमआयडीसीत शिरतं, काट्यावर तोललं जातं, भट्टीत पडतं आणि सळई होऊन बाहेर निघतं. त्या सळयांवर पुण्यात कुणाचा तरी टू बीएचके उभा राहतो आणि जालना पुढच्या ट्रकची वाट बघतं. अशा गावात एक गृहस्थ गेली कित्येक वर्षं काट्याजवळ उभे राहून ट्रकमधलं लोखंड परत खाली उतरवून घेतायत. ते माझे मामा.

मामा रिटायर झाले ते एका बियाणे कंपनीतून. जालन्यात रिटायर व्हायचं तर एक तर स्टीलमधून, नाहीतर बियाण्यातून. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथे महिको काढली, १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं आणि मधल्या काळात संकरित बियाण्याचा धंदा गावात असा रुजला की इथलं पोर आधी 'हायब्रिड' म्हणायला शिकतं, मग 'आई'. मामांच्या वाट्याला आली होती शुद्धता. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये ओळीओळीतून चालायचं, नराच्या ओळीत मादीचं, मादीच्या ओळीत नराचं किंवा दोघांपैकी कुणाचंच नसलेलं झाड दिसलं की उपटायचं. याला म्हणतात भेसळ काढणं. सगळी नोकरी भेसळ काढण्यात गेली की माणसाच्या नजरेचं काय होतं, ते पाहायला मामांना लग्नात गाठावं. पंगतीत बसल्या बसल्या ते हळूच सांगतात, "तो चौथ्या पाटावरचा ना मुलीकडचा आहे, ना मुलाकडचा." आणि तो नसतोच.

असा माणूस निवृत्तीनंतर देवळाचा ट्रस्टी तरी व्हायचा किंवा सोसायटीचा सेक्रेटरी. पण एका भंगारवाल्याच्या आवारात मामांना लाकडी सांगाड्याला कसाबसा चिकटून राहिलेला पत्रा, तारांच्या आऱ्यांची दोन चाकं आणि आठ कोनांचा एक बिल्ला दिसला. बिल्ल्यात दोन अक्षरं, एम आणि जी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात १९४५ ते १९४९ या काळात बनलेली, दोन माणसांची, उघडी एमजी टीसी. अशा सगळ्या मिळून दहा हजारांच्या आसपास बनल्या. मामांनी ती मोटार म्हणून घेतली नाही, किलोवर घेतली. काट्यावर चारशे ऐंशी भरली. घरी येऊन कागद धुंडाळले, तर कारखान्यातून निघताना या मोटारीचं वजन पावणेआठशे किलोच्या पुढे होतं. म्हणजे तीनशे किलो एमजी बेपत्ता. दुसरा कुणी 'फसलो' म्हणून गप्प बसला असता. मामांनी दोनशेपानी रजिस्टर आणलं, पहिल्या पानावर 'येणे बाकी ३०० कि.' असं लिहिलं आणि वसुलीला निघाले. तेव्हापासून घरी फोन केला की मामी सांगतात, "भंगारात गेलेत."

जुन्या मोटारींच्या माणसांत दोन पंथ आहेत. पहिला पैशाचा. त्यांच्या मोटारी दुसरेच कुणी दुरुस्त करतात, तिसरेच कुणी पुसतात आणि रॅलीच्या दिवशी मालक फेटा बांधून नुसते वर बसतात. मामांचा पंथ दुसरा. या पंथाचे लोक रॅलीत दिसत नाहीत, कारण रॅलीच्या दिवशी त्यांची मोटार उघडलेली असते. मोटार चालली पाहिजे असा त्यांचा फारसा हट्टही नसतो. ती बरोबर असली पाहिजे. स्क्रूच्या डोक्यावरची खाच कारखान्यात जशी होती तशीच असली पाहिजे, आणि ती तशीच होती हे सिद्ध करता आलं पाहिजे. माझं मत विचाराल तर टीसी ही काही फार हुशार मोटार नव्हे. साडेबाराशे सीसीचं इंजिन, चोपन्न हॉर्सपॉवर. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी एकशेवीसची जी कमाल मर्यादा आहे, ती या मोटारीची कमाल हिंमत आहे, तीही वारा मागून असेल तर. दरवाजाला काच नाही. पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा काटा नाही, संपत आलं की नुसता एक दिवा लागतो. हे मी मामांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ज्याला पेट्रोलची चिंता आहे त्यानं एसटीनं जावं."

मामांचं संशोधन पहाटे पाचला सुरू होतं. टीसीचे चेसिस नंबर एकपासून नव्हे, २५१ पासून सुरू होतात, कारण अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता, ही माहिती मला मामांकडून इतक्या वेळा मिळाली आहे की माझ्या एटीएमचा पिन मी विसरलो तरी हा आकडा विसरणार नाही. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. त्या गॅरेजचा मॅनेजर सेसिल किंबर. साध्यासुध्या मॉरिस मोटारींवर त्यानं देखण्या बॉड्या चढवल्या आणि त्यातून एमजी जन्मली. हा किंबर १९४५ च्या ४ फेब्रुवारीला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनबाहेर आगगाडीच्या अपघातात गेला. गाडी चढावर घसरून मागे आली होती. जन्मभर 'सेफ्टी फास्ट' म्हणत वेगवान मोटारी काढणारा माणूस मागे घसरणाऱ्या आगगाडीत जावा, याचं मामांना अजून वाईट वाटतं. दर ४ फेब्रुवारीला ते दाढी करत नाहीत. पहिल्या वर्षी शेजारच्या काकू भेटायला आल्या होत्या. "कोण गेलं हो?" असं त्यांनी विचारल्यावर मामी म्हणाल्या, "ह्यांच्या ऑफिसातले होते."

इंग्लंडात या मोटारीचे जाणकार म्हातारे आहेत. मामा त्यांना ईमेल लिहितात. आधी हवामान, मग तब्येत, मग एका वायसरबद्दल दीड पान. उत्तर चोवीस तासांत येतं. पुण्यातला स्वतःचा मुलगा पंधरा दिवसांनी फोन करतो, पण यॉर्कशरातला एक आजोबा न चुकता कळवतो की जालन्याच्या उन्हाळ्यात कार्ब्युरेटरची सुई कोणती घालावी. मामींनी त्याला एकदा मेतकूट पाठवलं. बदल्यात इंजिनाच्या हेडचं गॅस्केट आलं. इंग्रजांशी केलेल्या व्यापारात मराठवाड्याला फायदा झाल्याचा हा पहिला प्रसंग असावा.

मोटारीचा पूर्वेतिहास काढताना मात्र मामांना थोडं सोसावं लागलं. आमच्या भागात कुठलीही जुनी मोटार निजामाच्या सरदाराची असते. मामाही तसंच धरून चालले. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत कुणी नवाबजादा हैदराबादहून निघाला असेल, पेट्रोलचा दिवा लागला असेल आणि जालन्यात मोटार टाकून तो रेल्वेनं पुढे गेला असेल, असा एक पूर्ण अध्याय रजिस्टरमध्ये तयार होता. शेवटी कदीम जालन्यात मोटारीच्या आधीच्या मालकाचा नातू सापडला. मोटार त्याच्या आजोबांची, आणि आजोबा कापसाचे दलाल. त्यांनी ती मुंबईहून आणली ती लग्नाच्या वरातीसाठी. वरातीत नवरा बसला, नवरी बसली आणि मोटार भरली. करवलीला जागाच नाही. करवली रुसली, तिच्या बाजूचे सगळे रुसले, मोटार जिनिंगच्या गोदामात गेली. मामांनी नवाबजाद्याचा अध्याय लाल शाईनं खोडला आणि समासात 'भेसळ' असं लिहिलं.

लाल शाई हा रजिस्टरचा प्राण. मूळ भाग निळ्या शाईत, भेसळ लाल शाईत. आणि जालन्यासारख्या गावात मोटार दुरुस्त करायची म्हटल्यावर लाल शाईच जास्त लागते. बॉडीचा सांगाडा मुळात अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा. इथला सुतार उभ्या आयुष्यात बैलगाड्यांवर पोसलेला. त्यानं सांगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "ही दमणी हाय. नुसते बैल सोडून घेतलेत." मग बाभळीचा एक वासा उचलून त्यानं दुपारपर्यंत असा बाक काढून दिला की दरवाजा पहिल्या ठोक्यात बसला. मामांनी त्याला पैसे दिले, चहा पाजला आणि घरी येऊन लाल शाईत लिहिलं, 'बाभूळ'. ऑटो इलेक्ट्रिशियननं तर बॉनेटच उघडून बंद केलं. टीसीमध्ये बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते, आपल्याकडे मायनस. त्याला वाटलं, आधीच्या कुणा अर्धवटानं वायरी उलट्या लावल्या आहेत, आणि त्यानं त्या माणुसकीच्या नात्यानं सुलट्या केल्या. मामा दोन दिवस त्या वायरी उलट्या करत होते. या मोटारींना दिवे पुरवणाऱ्या जोसेफ लुकसला इंग्रज लोक थट्टेनं 'काळोखाचा राजपुत्र' म्हणतात. मामांना त्याचं काही वाटत नाही. मराठवाड्यात लोडशेडिंग काढलेल्या माणसाला लुकस काय घाबरवणार.

पण मामांचा खरा सामना होता लेथवाल्या चाचांशी. एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत चाचांची एक लेथ आहे. रोलिंग मिलचं काहीही मोडलं की रात्री दोन वाजता चाचांकडे येतं आणि सकाळच्या पाळीआधी होऊन जातं. मामांनी त्यांच्यासमोर एमजीच्या इंजिनाचा एक बोल्ट ठेवला. चाचांनी पाना लावला, पाना जुना इंग्रजी मापाचा, व्हिटवर्थचा, नीट बसला. नट फिरवायला गेले तर आटे वेगळेच. मीटरमधले, आठ एमएम. चाचांनी चष्मा काढून पुसला. मग मामांनी त्यांना गोष्ट सांगितली. मॉरिसनं १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. यंत्रं सगळी फ्रेंच, आटे पाडायची ती मीटरमध्येच पाडायची. पण इंग्लंडातल्या मेकॅनिकांकडे पाने व्हिटवर्थचे. मग बोल्टचं डोकं इंग्रजी ठेवलं आणि आटे फ्रेंच, आणि ती रीत पुढे टीसीपर्यंत चालत आली. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "साब, मतलब वहाँ भी अपनाच काम चलता," ते म्हणाले. मामांना हे आवडलं नाही. पण इंजिनाच्या बाहेरून हेडला तेल नेणारी जी नळी असते, तिचा बँजो बोल्ट हवा होता, आणि तो भंगारात मिळत नव्हता. चाचांनी ईएन-आठ पोलादाचा तुकडा घेतला आणि तासाभरात बोल्ट हातात दिला. तो बसला. गळला नाही. मोटार महिनोन् महिने त्याच्यावर चालली. रजिस्टरमध्ये तो लाल शाईत होता आणि मामांच्या मनात ठसठसत होता.

मोटार चालली म्हणजे कुठे चालली, हाही एक प्रश्नच. पन्नास वर्षांवरच्या मोटारींसाठी केंद्र सरकारनं २०२१ साली वेगळे नियम केले. वीस हजार रुपये भरून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. अट अशी की मोटार मूळ स्वरूपात हवी. सरकारच्या कुठल्याही नियमानं माणूस इतका सुखावल्याचं मी पाहिलेलं नाही. बाभळीचा वासा आत झाकलेला असल्यामुळे मामांना दोन रात्री झोप आली नाही, ते सोडा. पुढचा नियम असा की ही मोटार रोजच्या कामाला काढायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची. मामी म्हणाल्या, "भाजी आणायची होती." मामांनी नियम वाचून दाखवला. मामी म्हणाल्या, "मग माझे गुडघे दाखवायला न्या. ती पण दुरुस्तीच की." मामांनी नियम पुन्हा वाचला. पेट्रोल भरायला मात्र ते रोज जातात, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या हिशेबानं.

आणि जिथे जातात तिथे एक तरुण येऊन सांगतो की एमजी त्याच्या साडूनं परवाच घेतली, हेक्टर, सनरूफ पण आहे. मामा शांतपणे समजावतात की अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० सालीच बंद झाला, नाव फिरत फिरत शांघायच्या कंपनीकडे गेलं आणि नवी एमजी गुजरातेत हालोलला बनते. तरुण म्हणतो, "मग तर मामा तुमची ओरिजिनल नाही." यावर खरं तर मामांना चक्कर यायला हवी. ते फक्त अर्धा लिटरच्या जागी एक लिटर भरतात.

आता असईचा प्रसंग सांगतो. इंग्रजांचा आणि आमच्या जिल्ह्याचा सर्वांत मोठा संबंध म्हणजे असई, तालुका भोकरदन. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे आर्थर वेलस्लीनं शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मामांच्या डोक्यात आलं की २३ सप्टेंबरला मोटार असईला न्यायची. प्रयोजन, तांत्रिक संशोधन. आणि इतक्या ऐतिहासिक दिवशी मोटारीत भेसळ नको म्हणून आदल्या रात्री त्यांनी चाचांचा बोल्ट काढला आणि यॉर्कशरच्या आजोबांनी पाठवलेला अस्सल, अ‍ॅबिंग्डनच्या काळातला बोल्ट बसवला. रजिस्टरमधली ती ओळ निळी झाली. त्या रात्री मामा घोरले, असं मामी सांगतात.

टीसीमध्ये ड्रायव्हरच्या समोर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा असतो आणि वेगाचा काटा असतो शेजारच्या माणसासमोर. असं का केलं ते किंबरच्या माणसांनाच ठाऊक, पण संसाराच्या दृष्टीनं ही रचना घातक आहे. शेजारी मामी बसल्या होत्या. मी मागून मोटारसायकलवर होतो. मामांना वाटत होतं की आपण ताशी सत्तरनं चाललोय. मामी दर मिनिटाला मोठ्यानं वाचून दाखवत होत्या, "तेवीस." मग, "एकवीस." काटा मैलांचा आहे, मैलांचा, असं मामा ओरडून सांगत होते. "मैल असो का कोस, तो मोत्या पुढं गेला बघा," मामी म्हणाल्या. मोत्या म्हणजे कुत्रा. राजूरच्या गणपतीला पायी निघालेल्या मंडळींनी आधी वाट दिली, मग वाट पाहिली. राजूरच्या पुढे रेडिएटरमधून वाफ निघायला लागली. पाणी कुठे मिळेल? वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं होतं की केळणा नदीला उतार नाही. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच असं त्यानं ताडलं. मामांनीही ताडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर चहाच्या टपऱ्या आहेत म्हणजे मध्ये हातपंप असणारच. होता. मामांचा चेहरा पाहून मला त्या क्षणी तरी वाटलं की हा माणूस नेपोलियनलाही आवरील.

केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात, असईच्या शिवारात मोटार शिरली आणि यॉर्कशरच्या बोल्टचे आटे गेले. आधी काळा धूर, मग रस्त्यावर तेलाची रेघ, मग इंजिन बंद. दोनशे आणि काही वर्षांनी असईला इंग्रज हरले. गावातली पोरं टाळ्या वाजवत होती.

परतीला टेम्पो केला. मोटार मागे, आम्ही तिघं पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं. ड्रायव्हरनं सहज विचारलं की ही गाडी नेमकी कुणाची. मामा दुःखातही सांगायला लागले की इंजिन मॉरिस टेन या साध्या घरगुती मोटारीच्या इंजिनावरून केलेलं. तीच मॉरिस टेन आपल्याकडे पहिली हिंदुस्थान टेन म्हणून आली. बोल्टचे आटे फ्रेंच, डोकं इंग्रजी आणि वरचा थाट किंबरचा. मामी खिडकीतून बाहेर बघत होत्या. "म्हंजे आई मॉरिस, बाप किंबर," त्या म्हणाल्या, "संकरितच म्हणा की."

मामा गप्प झाले. त्यांनी आयुष्यभर संकरितच विकलं होतं, त्यामुळे शब्दाचा राग नव्हता. पण ज्या गोष्टीतली भेसळ काढायची ती मुळात दोन वाणांच्या मेळातून झालेली आहे, हे कुणी त्यांना असं टेम्पोत सांगितलं नव्हतं. राजूर गेलं तरी ते बोलले नाहीत. मग जालना जवळ आल्यावर एकदम म्हणाले, "एफ-वन." ड्रायव्हरला वाटलं मोटारींची शर्यत. मामा म्हणाले, "पहिली पिढी! संकराचं सगळं ओज पहिल्या पिढीत असतं. तेच बी पुन्हा पेरलं की दुसऱ्या पिढीपासून बिघडतं. म्हणून तो साडूवाला... सनरूफ!" आणि त्यांनी मामींकडे अशा नजरेनं पाहिलं की मामींनी पदर सावरला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी बाईनं नवऱ्याच्या विषयात मुद्दा काढावा आणि तो खरा निघावा, हे दोघांनाही नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाचांच्या लेथवर. मामांनी रजिस्टर नेलं होतं. चाचांचा जुना बोल्टही खिशात होता, पण तो नको, नवा करा म्हणाले. फक्त एक बदल. किंबर अष्टकोनाच्या इतका नादी होता की जमेल तिथे त्यानं आठ कोन घातले. तर या बोल्टचं डोकं आठ कोनी करा. मी म्हटलं, "मामा, पण ते मूळचं नसेल." मामा म्हणाले, "मूळचं नाही, कुळाचं आहे. तू गप." आणि पेन काढलं. निळं.

चाचांनी रॅकवरून सळई काढली, हातावर तोलली, कोनांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"छे कोने का रॉड बजार में तैयार मिलता, साब," ते म्हणाले. "आठ करना, तो दो कोने का पैसा अलग."